अर्थमंत्र्यांचा शेवटचा हिशेब

२५ जुलै १९५६ रोजी चिंतामणराव देशमुख लोकसभेत बोलावयास उभे राहिले, तेव्हा ते भारताचे अर्थमंत्री राहिलेले नव्हते. सहा वर्षे ज्या सभागृहापुढे त्यांनी देशाच्या जमाखर्चाचे आकडे मांडले, त्याच सभागृहापुढे त्या दिवशी त्यांना एक निराळाच हिशेब मांडावयाचा होता. तो पैशाचा नव्हता, अधिकाराचा होता. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा निर्णय कोणी केला, कोठे केला, कोणाला विचारून केला, हा त्यांचा प्रश्न होता. त्या भाषणाला आता सात दशके होत आली. रोह्याच्या ह्या सुपुत्राने मुंबईसाठी मंत्रिपदावर पाणी सोडले, एवढे महाराष्ट्र आजही अभिमानाने सांगतो. परंतु जाताना तो नेमके काय सांगून गेला, हे किती जणांना ठाऊक आहे? त्या भाषणाचा अर्धा भाग आपण डोक्यावर घेतला आणि उरलेला अर्धा विसरून गेलो, असे आम्हांस वाटते. आणि जो विसरलो तोच अधिक मोलाचा होता. म्हणून आज हा विषय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रोहे शहराला खेटूनच वरसे हे गाव आहे. जनगणनेच्या लेखी ते केव्हाच नगर झाले, पण कारभार अद्याप ग्रामपंचायतीचाच आहे. कुंडलिकेच्या काठच्या ह्या टापूत देशमुखांचे नाव आजही पुसले गेलेले नाही. रोह्याच्या महाविद्यालयालाच ते नाव आहे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, महाडजवळच्या नाते गावी १४ जानेवारी १८९६ रोजी जन्मलेला आणि रोह्यात बालपण घालविलेला हा मुलगा १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने पटकावली. केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक, १९१८ साली आय. सी. एस.च्या परीक्षेत पहिला क्रमांक, मध्य प्रांत व वऱ्हाडात प्रशासनाची सेवा, दुसऱ्या गोलमेज परिषदेत चिटणिशी, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नरपद, १९४४ साली ब्रेटन वुड्स येथे भारताचे प्रतिनिधित्व, आणि १९५० साली केंद्रीय अर्थमंत्रिपद, अशी ही चढती कमान आहे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाब्यातूनच लोकसभेवर गेले. मोर्चे, सभा, तुरुंग ह्यांतून घडलेला हा पुढारी नव्हता. कागद वाचावा, आकडा तपासावा, टिपण लिहावे आणि शक्य तितके कमी बोलावे, ही त्यांची आयुष्यभराची रीत. असा माणूस जेव्हा भर सभागृहात आपल्याच पंतप्रधानांवर आरोप ठेवतो, तेव्हा तो रागाच्या भरात बोलत नसतो. म्हणूनच त्याचे बोलणे नीट ऐकावे लागते.

घटना कशा घडल्या

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या सप्टेंबरअखेरीस सरकारकडे आला. आयोगाने गुजरात व महाराष्ट्र मिळून एक द्विभाषिक मुंबई राज्य आणि विदर्भाचे वेगळे राज्य, अशी शिफारस केली होती. महाराष्ट्राला ती रुचली नाही. नोव्हेंबरमध्ये काँग्रेस कार्यकारिणीने त्रिराज्याची योजना पुढे केली: महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई शहर वेगळे. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित राहील असे जाहीर केले आणि मुंबई पेटली. नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनपाशी झालेला गोळीबार आणि जानेवारीतील गोळीबार ह्यांत जी माणसे पडली, त्यांच्यासह ह्या लढ्यातील हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. त्यांचे स्मारक मुंबईत हुतात्मा चौकात उभे आहे.

ह्याच जानेवारीत देशमुखांनी पंतप्रधानांपुढे आपला राजीनामा ठेवला. वाचकांनी हा काळ नीट ध्यानात घ्यावा. १९ जानेवारीच्या रात्री त्यांनीच आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली होती. आदल्या जुलैत इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, तीही त्यांच्याच कारकीर्दीत. नवा कंपनी कायदा अमलात येण्याच्या बेतात होता. दुसरी पंचवार्षिक योजना उंबरठ्यावर उभी होती आणि अर्थसंकल्प जेमतेम महिन्यावर आला होता. अशा वेळी अर्थमंत्र्याने जावे की थांबावे? ते थांबले. ३ जून रोजी मुंबईतील काँग्रेसच्या बैठकीच्या वेळी पंतप्रधानांनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहण्याविषयीची घोषणा पुन्हा केली, आणि मग थांबण्यासारखे काही उरले नाही. २४ जुलै रोजी देशमुखांचे मंत्रिपद संपले. दुसऱ्या दिवशी ते बोलले.

त्यांच्या निवेदनाचे सार तीन कलमांत सांगता येईल. पहिले असे की, मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा होऊन झालेला नाही. पंतप्रधानांनी तो परस्पर जाहीर केला आणि ही रीत बेपर्वाईची व घटनेला सोडून आहे. दुसरे असे की, मुंबईत पोलिसांच्या गोळीबाराने इतके लोक मेले, तरी न्यायालयीन चौकशी नाकारण्यात आली. तिसरे कलम सर्वांत झोंबणारे होते. महाराष्ट्राविषयी सत्तास्थानी आकस आहे, असे त्यांनी उघड म्हटले.

महाराष्ट्राने तिसरे कलम कानात साठविले. ते साहजिकच होते. ज्यांच्या घरची तरुण मुले गोळीबारात गेली होती, त्यांना मंत्रिमंडळाच्या कामकाजाची रीत काय आणि तिचा भंग काय! त्यांच्या मनात जे खदखदत होते ते दिल्लीतल्या एका थोर, मितभाषी आणि निःस्वार्थी माणसाने उच्चारले, एवढेच त्यांना पुरेसे होते. पण आज, मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० पासून नांदत असताना, तिसऱ्या कलमाचे काम संपले आहे. पहिल्या कलमाचे संपलेले नाही. ते केवळ मुंबईविषयी नव्हतेच. अखिल भारतातील कोणत्याही गावाविषयी, कोणत्याही धरणाविषयी, कोणत्याही कराविषयी निर्णय कसा व्हावा, हा त्याचा विषय होता.

दुसरी बाजू

न्यायाच्या दृष्टीने पंडितजींची बाजूही सांगितली पाहिजे. त्यांनी हे आरोप मान्य केले नाहीत. आकसाचा आरोप तर त्यांना जिव्हारी लागला. मुंबईचा प्रश्न मंत्रिमंडळापुढे वारंवार आला होता आणि सरकारचे धोरण बोलून दाखविण्याचा अधिकार पंतप्रधानाला आहेच, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यांच्या सीमा ठरविण्याचा अंतिम अधिकार संसदेचा आहे. पंतप्रधानांनी सभेत काही सांगितले म्हणून मुंबई त्या क्षणी केंद्रशासित झाली नव्हती. आणि खरोखरच संसदेने पुढे पंधरवड्यातच निराळा मार्ग काढला. ऑगस्टमध्ये मोठ्या द्विभाषिक मुंबई राज्याची तरतूद मंजूर झाली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य अस्तित्वात आले.

देशमुखांवरही आक्षेप घेता येतात आणि ते घेतले पाहिजेत. जानेवारीत पटले नाही तर जुलैपर्यंत खुर्चीवर का बसला? ज्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाची सामुदायिक जबाबदारी तुम्ही सहा महिने वाहिली, त्याच मंत्रिमंडळाच्या आतल्या गोष्टी बाहेर येऊन सांगणे गोपनीयतेच्या शपथेला धरून आहे काय? आणि आकसाचा आरोप करताना, कोणाचा आकस आणि तो कशावरून, ह्याचा पुरावा देणे अवघड असते; मग एरवी आकड्यावाचून न बोलणाऱ्या माणसाने तो करावा काय?

पहिल्या आक्षेपाला उत्तर आहे. जाणे हे ज्याला तमाशा वाटत नाही, त्याला हातातले काम अर्धवट टाकता येत नाही. विमा, अर्थसंकल्प, योजना ही कामे महाराष्ट्राची नव्हती, देशाची होती. ती मार्गी लावून मग जाणे ह्यात आम्हांस दुबळेपणा दिसत नाही. दुसऱ्या आक्षेपालाही उत्तर आहे, पण ते सोपे नाही. मंत्रिमंडळात कोण काय बोलले, हे सांगणे हा गोपनीयतेचा भंग होय. मंत्रिमंडळात विषय आलाच नाही, हे सांगणे हा गोपनीयतेचा भंग कसा होईल? जी चर्चा झालीच नाही तिचे गुपित ते कसले? देशमुखांचे भाषण ह्या दोहोंच्या सीमारेषेवर उभे होते आणि ती रेषा त्यांना ठाऊक होती. तिसरा आक्षेप मात्र आम्हांस अर्धा मान्य आहे. आकसाचा शब्द त्यांनी वापरला नसता तर त्यांचे भाषण महाराष्ट्रात कमी गाजले असते आणि देशात अधिक ऐकले गेले असते. त्या एका शब्दाने उत्तर देणाऱ्याला सोयीचे दार उघडून दिले. चर्चा आकसाची होऊन बसली आणि रीतीची मागे पडली.

तीन निरोप, एकच तक्रार

आता ह्याहून महत्त्वाची गोष्ट. देशमुख ज्या खुर्चीवर बसले ती रिकामी कशी झाली होती? त्यांच्या आधीचे अर्थमंत्री डॉ. जॉन मथाई १९५० साली मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्यांची एक मुख्य तक्रार नव्याने स्थापन झालेल्या नियोजन मंडळाविषयी होती. हे मंडळ मंत्रिमंडळाला समांतर असे दुसरे सत्ताकेंद्र होऊन बसेल आणि मंत्रिमंडळाचा अधिकार पोखरला जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्या नियोजन मंडळाचे एक सदस्य होते चिंतामणराव देशमुख! मथाईंच्या जागी तेच आले. सहा वर्षांनी त्याच खुर्चीवरून उठताना त्यांना सांगावे लागले की, मंत्रिमंडळाला विचारले जात नाही.

ह्या दोघांच्या मधल्या काळात आणखी एक थोर माणूस त्याच मंत्रिमंडळातून बाहेर पडला. २७ सप्टेंबर १९५१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाची झालेली वाताहत, परराष्ट्र धोरण, अस्पृश्य समाजाविषयीची सरकारची अनास्था ही त्यांची कारणे सर्वश्रुत आहेत. परंतु त्यांच्या निवेदनात आणखीही एक कारण आहे आणि त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. मंत्रिमंडळ हे समित्यांनी आधीच करून टाकलेल्या निर्णयांची केवळ नोंद करणारी कचेरी होऊन बसले आहे, असे त्यांनी म्हटले होते. ते निवेदन त्यांना संसदेत वाचता आले नाही. १० ऑक्टोबर रोजी उपाध्यक्षांनी त्याची प्रत आधी मागितली. बाबासाहेबांना ते मानवले नाही. ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांच्या हाती दिले. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली ज्यांनी पाण्याचा हक्क मागितला, त्यांना संसदेत शेवटचे चार शब्द बोलण्याचा हक्कही सरळपणे मिळाला नाही, हा योगायोग कुलाबा जिल्ह्याने विसरू नये.

मथाई केरळीय ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञ, आंबेडकर दलितांचे नेते आणि घटनेचे शिल्पकार, देशमुख सनदी नोकरीत मुरलेले प्रशासक. तिघांचा पिंड निराळा, मार्ग निराळा, रुसव्याचे विषय निराळे. आणि तरीही सुमारे सहा वर्षांच्या काळात तिघेही जाताना जवळजवळ एकच गोष्ट सांगून गेले: मंत्रिमंडळ नावाची जी संस्था घटनेत आहे, ती प्रत्यक्षात पातळ होत चालली आहे. एकाने सांगितले असते तर त्याचा स्वभाव म्हणता आला असता. दोघांनी सांगितले असते तर योगायोग म्हणता आला असता. तिघांनी सांगितल्यावर तो आजार म्हणावा लागतो. आणि हे सारे पंडित नेहरूंसारख्या मनाने लोकशाहीवादी, संसदेत तासन् तास बसून टीका ऐकणाऱ्या पंतप्रधानाच्या काळात! मग त्यानंतरच्या काळाविषयी, दिल्लीच्या किंवा मुंबईच्या, कोणत्याही पक्षाच्या राजवटीविषयी, अधिक काय बोलावे?

निरोपाची जागा कोणती?

सत्ता सोडताना बोललेल्या शब्दाला एक वजन असते. जोवर माणूस खुर्चीवर आहे तोवर त्याच्या तोंडाला सामुदायिक जबाबदारीचे कुलूप असते, आणि ते असावेच. खुर्ची सोडून चार महिने लोटले की त्याच्या बोलण्याला निराशेचा किंवा पुढच्या निवडणुकीचा वास येऊ लागतो. ह्या दोहोंच्या मध्ये एखादा दिवस असा असतो की, त्याला सारे ठाऊक असते आणि गमावण्यासारखे काही उरलेले नसते. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन ह्यांनी १७९६ साली आपला निरोप वृत्तपत्रातून प्रसिद्ध केला. सेनापती म्हणून कीर्ती मिळविलेल्या अध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांनी १७ जानेवारी १९६१ रोजी जाता जाता, लष्कर आणि शस्त्रांचे कारखानदार ह्यांच्या युतीपासून सावध राहा, असे देशाला बजावले. सैन्यातच आयुष्य घालविलेल्या माणसाने ते सांगितले म्हणून ते जगाच्या लक्षात राहिले. देशमुखांचे भाषण त्याच जातीचे आहे. आयुष्यभर शासनयंत्र चालविलेला माणूस सांगत होता की, यंत्राचा एक खिळा निसटला आहे.

आमच्या संसदेने ह्या एका दिवसाची किंमत ओळखली आहे. लोकसभेच्या नियमावलीत १९९ क्रमांकाचा नियम आहे. मंत्रिपदाचा राजीनामा दिलेल्या सदस्याला अध्यक्षांच्या संमतीने सभागृहात वैयक्तिक निवेदन करता येते. त्याची प्रत एक दिवस आधी अध्यक्षांना व सभागृहनेत्याला द्यावी लागते. त्यावर चर्चा होत नाही, पण मंत्र्याला उत्तरादाखल निवेदन करता येते. किती समतोल योजना! जाणाऱ्याला बोलता यावे, राहणाऱ्याला उत्तर देता यावे, आणि दोघांचेही शब्द जसेच्या तसे नोंदले जावेत.

ह्या नियमाचा उपयोग किती होतो हे वाचकांनीच आठवून पाहावे. आता राजीनामे दोन ओळींचे असतात. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’, ‘वैयक्तिक कारणास्तव’, ‘पक्षश्रेष्ठींच्या आदेशानुसार’ ह्या तीन साच्यांबाहेरचा चौथा साचा क्वचितच दिसतो. २१ जुलै २०२५ रोजी, पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, उपराष्ट्रपती जगदीप धनखड ह्यांनी प्रकृतीचे कारण देऊन पद सोडले. कारण खरे नसेल असे आम्ही म्हणत नाही. पण ते राज्यसभेचे सभापती होते आणि त्या सभागृहाला त्यांचे निरोपाचे चार शब्द ऐकावयास मिळाले नाहीत. परिणामी जे सत्य असेल ते एका बाजूला राहिले आणि तर्ककुतर्कांना ऊत आला. महाराष्ट्रात २६ नोव्हेंबर २०१९ रोजी देवेंद्र फडणवीस ह्यांनी बहुमताच्या परीक्षेआधी पत्रकार परिषदेत राजीनामा जाहीर केला. २९ जून २०२२ रोजी उद्धव ठाकरे ह्यांनी बहुमताच्या परीक्षेच्या आदल्या रात्री समाजमाध्यमावरून जनतेशी बोलून पद सोडले. दोघांचे पक्ष निराळे, प्रसंग निराळे, पण दोघांचेही शेवटचे शब्द विधानसभेच्या बाहेर उच्चारले गेले. उलट २८ मे १९९६ रोजी अटलबिहारी वाजपेयी, आपल्याकडे बहुमत नाही हे स्वच्छ दिसत असतानाही, लोकसभेतच उभे राहिले, विरोधकांचे वार झेलून त्यांना उत्तरे दिली आणि मगच राष्ट्रपतींकडे राजीनामा द्यावयास निघाले. तेरा दिवसांच्या सरकारचे ते भाषण आज तीस वर्षांनीही लोक ऐकतात.

कोणी म्हणेल, जनतेशी थेट बोलला तर बिघडले काय? जनता सभागृहाहून मोठी नव्हे काय? निश्चित मोठी. परंतु कॅमेऱ्यापुढे एकटा बोलणारा माणूस कोणाच्याही प्रश्नाला बांधलेला नसतो. सभागृहात बोलणाऱ्याला समोरच्याचे उत्तर ऐकून घ्यावे लागते. देशमुखांनी आरोप केले, पंडितजींनी ते खोडून काढण्याचा प्रयत्न केला, आणि दोघांचेही म्हणणे एकाच दप्तरात शेजारी शेजारी पडून आहे. म्हणूनच आज सत्तर वर्षांनी आम्ही दोन्ही बाजू तोलून पाहू शकतो आणि देशमुखांचे अमुक पटले, तमुक पटले नाही, असे म्हणू शकतो. सभागृहाबाहेरच्या निरोपाला टाळ्या मिळतील. परंतु असा तोलून पाहणारा वाचक मिळणार नाही.

घराजवळचा धडा

हे सारे दिल्ली-मुंबईचे झाले. आपल्याला त्याचे काय, असे वरसे येथील किंवा रोह्यातील वाचकाने म्हणू नये. ग्रामपंचायतीचे सभावृत्त पाहिलेल्या कोणालाही देशमुखांची तक्रार समजावून सांगण्याची गरज नाही. सभा भरावी, विषय वाचला जावा, सदस्यांनी बोलावे, मग ठराव व्हावा आणि तो नोंदवहीत लिहिला जावा, हा क्रम आहे. तो उलटला म्हणजे काय होते? ठराव आधी लिहून तयार असतो, वही घरोघर फिरते, सह्या गोळा होतात आणि जी सभा कधी भरलीच नाही तिचे इतिवृत्त ‘सर्वानुमते’ ह्या शब्दाने संपते. कोणत्याही एका गावावर आमचा रोख नाही; गावगाड्यात वावरलेल्या प्रत्येकाला हा प्रकार ऐकून ठाऊक आहे. बाबासाहेबांनी नोंदकचेरी म्हटले ते हेच. देशमुखांनी बेपर्वाई म्हटले ती हीच. गावच्या सरपंचाने केले तर आपण त्याला मनमानी म्हणतो. देशाच्या किंवा राज्याच्या प्रमुखाने केले की त्यालाच खंबीर नेतृत्व म्हणू लागतो. हा भेद कोणत्या न्यायाने?

गाव वाढत आहे. रोह्याच्या शेजारी धाटावची कारखानदारी आली, वस्ती पसरली, शेतांच्या जागी इमारती आल्या. गावाचे शहर व्हावे की न व्हावे, पाण्याचा आराखडा कसा असावा, सांडपाणी कुंडलिकेत जाऊ द्यावे की नाही, असे प्रश्न अशा गावांपुढे उभे राहतात. ह्या प्रश्नांचे निर्णय चुकीचे होतील की बरोबर, ह्याविषयी मतभेद राहणारच. मुंबईविषयीही होते. पण निर्णय सभेत झाला की सभेबाहेर, ह्याविषयी मतभेद असू नये. ज्या सदस्याला तो सभेबाहेर झालेला दिसतो, त्याने पद सोडावे लागले तरी सभेत उभे राहून तसे सांगावे. ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढे लिहून घरी बसण्याने गावावर उपकार होत नाहीत.

असे सांगणाऱ्याचे वाटोळे होते, हा समज देशमुखांच्या उदाहरणाने खोटा ठरतो. ज्या सरकारवर त्यांनी तोफ डागली त्याच सरकारच्या काळात, त्याच वर्षी, ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९७५ साली त्यांना आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाईंना पद्मविभूषण मिळाले. मेघदूताचे मराठी रूपांतर करणारा हा अर्थशास्त्रज्ञ २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे निवर्तला, तोवर त्याच्या प्रामाणिकपणाविषयी त्याच्या विरोधकांनाही शंका नव्हती. ह्यात देशमुखांचा मोठेपणा आहे, तसा त्या सरकारचाही आहे, हे कबूल केले पाहिजे. भर सभेत दोष दाखविणाऱ्या माणसाला पुन्हा राष्ट्राच्या कामाला लावणे ही लहान गोष्ट नव्हे. आज किती सत्ताधीश ती करतील?

दुसरेही एक स्मरण येथे उचित ठरेल. देशमुखांनी उभारलेल्या आयुर्विमा महामंडळाच्या पैशातून मुंदडा ह्यांच्या कंपन्यांचे भाग खरेदी केले गेले. न्यायमूर्ती छागला ह्यांच्या आयोगाने त्याची उघड चौकशी केली आणि देशमुखांनंतरचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी ह्यांना फेब्रुवारी १९५८ मध्ये जावे लागले. एक अर्थमंत्री रीत मोडली म्हणून आपण होऊन गेला. दुसऱ्याला, रीत मोडली गेली म्हणून जावे लागले. दोन वर्षांच्या आत हे घडले. निर्णय कोणत्या वाटेने होतो हा प्रश्न कोरडा, कायदेपंडितांचा आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी ह्या दोन प्रसंगांकडे पाहावे. पहिल्या प्रसंगी माणसे मेली होती, दुसऱ्या प्रसंगी विमेदारांचा पैसा गुंतला होता.

आमची एक सूचना आहे आणि ती रोहेकरांना व वरसेकरांना उद्देशून आहे. देशमुखांचे नाव इमारतीला आहे ते चांगलेच आहे. पण इमारती बोलत नाहीत. दरवर्षी २५ जुलैला रोह्यात त्यांच्या त्या निवेदनाचे मराठीतून जाहीर वाचन व्हावे. त्यापाठोपाठ पंडितजींचे उत्तरही वाचले जावे, गाळू नये. महाविद्यालयातील मुलामुलींनी दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि मग आपसांत भांडावे. आसपासच्या ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी पहिल्या रांगेत बसावे. हार, समई, सत्कार ह्यांचा खर्च त्यात नाही. एक तास लागेल.

मुंबईचे देणे महाराष्ट्राला १९६० साली मिळाले. चिंतामणरावांच्या शेवटच्या हिशेबातील ती बाकी फिटली. जी फिटली नाही ती आपल्याकडून येणे आहे: निर्णय सभेत व्हावा, आणि ज्याला सभा सोडावी लागते त्याने कारण सभेतच सांगावे. देशाच्या अर्थमंत्र्याने ती बाकी खात्यावर लिहून ठेवली आहे. ती फेडण्याची सुरुवात दिल्लीहून होण्याची वाट कशाला पाहावी? ती वरसे येथील ग्रामपंचायतीच्या पुढच्या सभेतही होऊ शकेल.